मजुरीचा नवा कायदा : एक कारीगर असला तरी लागू

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार कामगार संहिता देशभर अमलात आणल्या. तेव्हापासून धामणगाव बढे, मोताळा, मलकापूर या आमच्या बाजारपट्ट्यात व्यापारी बांधवांकडून एकच गोष्ट ऐकू येते, ती म्हणजे हे सारे मोठ्या कारखान्यांसाठी आहे, आपल्यासारख्यांना त्याच्याशी काय करायचे? कपड्याचे दुकान, मागे तीन मशीन, एक कटिंग मास्टर, दोन-तीन कारीगर, काज-बटणाला एखादी बाई, असा आपला कारभार. कोणाची बेकरी आहे, कोणाचे वेल्डिंगचे दुकान, कोणाचे गॅरेज. माणसे मोजली तर हाताच्या बोटांवर येतात.

हा समज आजारपणाच्या बाबतीत बऱ्याच अंशी बरोबर आहे, मजुरीच्या बाबतीत मात्र साफ चुकीचा आहे. नव्या कायद्यात या दोन गोष्टींची मोजणी वेगवेगळी होते. किमान मजुरी लागू होण्यास एक माणूस पुरे. आजारपणातील पगाराची व्यवस्था सक्तीची होण्यास साधारणतः दहा माणसे लागतात. हा फरक ध्यानात ठेवला की पुढचा हिसाब-किताब सोपा जातो.

आधी मजुरीचे पाहू. वेतन संहिता, २०१९ या कायद्यात चार जुने कायदे एकत्र केले आहेत. १९३६ चा वेतन देण्याचा कायदा, १९४८ चा किमान वेतनाचा, १९६५ चा बोनसचा आणि १९७६ चा समान मोबदल्याचा. जुन्या पद्धतीत किमान वेतन फक्त सरकारने यादीत घातलेल्या धंद्यांना लागू होते. महाराष्ट्रात या यादीत साठाहून अधिक धंदे होते आणि दुकाने व व्यापारी संस्था त्यांत होत्याच. म्हणजे कापड दुकानदार कालही सुटलेला नव्हता. आता यादीची अटच गेली. धंदा कोणताही असो, माणूस कामाला ठेवला की किमान वेतन द्यावे लागेल.

येथे एक खुलासा करणे जरूर आहे. काही बांधवांना वाटते की नवा कायदा आला म्हणजे जुने दर रद्द झाले, आणि नवे जाहीर होईपर्यंत मोकळीक आहे. तसे नाही. जुन्या कायद्यांखाली काढलेल्या अधिसूचना, नव्या कायद्याशी विसंगत नसतील तर, चालू राहतात अशी तरतूद संहितेतच आहे. तेव्हा राज्य सरकारचे दर बदलेपर्यंत आहेत तेच पाळायचे आहेत. शिवाय केंद्र सरकार एक तळाचा दर ठरवील आणि कोणत्याही राज्याला त्याखाली जाता येणार नाही. असा राष्ट्रीय तळाचा दर पूर्वीही होता, १९९६ मध्ये रोजाला ३५ रुपये आणि २०१७ मध्ये १७६ रुपये. परंतु तो राज्यांवर बंधनकारक नव्हता. आता त्याला कायद्याचे बळ मिळाले आहे.

आपल्या राज्यात दराचे दोन भाग असतात. एक मूळ दर, जो काही वर्षांनी बदलतो. नव्या कायद्याप्रमाणे त्याचा फेरविचार साधारणतः पाच वर्षांच्या आत व्हावयास हवा. दुसरा विशेष भत्ता, जो महागाईच्या निर्देशांकावर चालतो आणि १ जानेवारी व १ जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. पुष्कळ दुकानदार मूळ दर विचारून घेतात आणि भत्ता विसरतात, मग कागदावर मजुरी पुरेशी दिसते आणि तपासणीत कमी भरते. दर कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा तीन वर्गांना निरनिराळे असतात. जागेप्रमाणेही फरक असतो. दुकानांच्या बाबतीत मोठ्या शहरांचा दर वरचा आणि आपल्यासारख्या ग्रामपंचायतीच्या गावांचा सर्वांत खालचा असतो. पुण्या-मुंबईचा आकडा ऐकून घाबरण्याचे कारण नाही आणि मलकापूरच्या नगरपालिका हद्दीत शाखा असेल तर धामणगावचा दर तेथे चालवताही येत नाही. महिन्याच्या दरावरून रोज काढायचा तर २६ ने भागायचे.

हे आकडे सरकार कशावरून काढते, हे कापडवाल्यांनी तरी जाणून घ्यावे. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेत किमान वेतनाचे माप ठरले. कष्टकरी माणसाला दिवसाला २,७०० कॅलरीचे अन्न, आणि चार माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड. माणशी १८ वार. मीटरमध्ये हे साधारण ६६ मीटर होते. घरभाडे, सरपण, दिवाबत्ती वेगळी. १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, लग्नकार्य व म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरावे असे सांगितले. म्हणजे आपल्या दुकानातील थानांचे गिऱ्हाईक कोण, तर हाच मजूर. त्याच्या वेतनात ७२ वार बसले नाहीत तर ते आपल्याच फडताळात पडून राहतील.

आता खर्चाचे. मजुरी वाढली की धंदा बसेल, ही भीती आम्ही पुष्कळांच्या तोंडून ऐकतो, म्हणून एक साधा हिशेब मांडतो. समजा एक कारीगर दिवसाला ८ शर्ट शिवतो. २६ दिवसांचे २०८ शर्ट झाले. त्याचा महिन्याचा पगार ५०० रुपयांनी वाढला तर एका शर्टामागे वाढ पडते २ रुपये ४० पैसे. तीन कारीगर असले तर दुकानावर महिन्याला १,५०० आणि वर्षाला १८,००० रुपयांचा बोजा येतो. हा आकडा लहान नाही, पण तो एकदम कोसळत नाही, शर्टाशर्टाने येतो. अडचण होते ती शाळेच्या गणवेशाच्या ठोक कामात. भाव एप्रिलमध्ये ठरतो, माल जून-जुलैमध्ये जातो आणि मध्ये १ जुलैचा भत्ता बदलतो. शाळेला किंवा संस्थेला भाव लिहून देताना शिलाई वेगळी दाखवावी आणि १ जुलैनंतर शिवलेल्या मालाला नवा दर लागेल, एवढी एक ओळ त्यात घालावी.

नगावर काम देणाऱ्यांनी पुढची बाब नीट वाचावी. शिलाईचा भाव नगावर ठरवला म्हणजे किमान वेतन टळले, असे होत नाही. सरकारने त्या कामासाठी नगाचा दर ठरवलेला नसेल आणि फक्त वेळेचा दर असेल, तर पूर्ण दिवस काम करणाऱ्या कारीगराची कमाई त्या दराच्या खाली जाता कामा नये. कमी भरली तर फरक मालकाने द्यायचा. याहून महत्त्वाचे म्हणजे कारीगर वेळेवर येऊन बसला आणि वीज गेली, कपडा आला नाही, मास्टरने कटिंग दिले नाही, म्हणून काम कमी झाले, तर तो पूर्ण दिवसाच्या मजुरीचा हक्कदार आहे. काम असूनही त्याने केले नाही तर गोष्ट निराळी. आपल्याकडे वीज कशी जाते-येते ते सांगायला नको. इन्व्हर्टरचा खर्च आणि रिकाम्या बसलेल्या तीन माणसांचा रोज, यांची तुलना प्रत्येकाने एकदा करून पाहावी.

शागीर्दाचेही असेच. उस्तादाकडे काम शिकायला आलेला मुलगा म्हणजे नोकर नव्हे, अशी आपली जुनी समजूत आहे. परंतु १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली रीतसर नोंद झालेल्यालाच ही सूट आहे. बाकी जो मशीनवर बसून माल काढतो तो कायद्याच्या नजरेत कामगार. आणि १४ वर्षांखालील परक्या मुलाला दुकानात कामाला बसवणे हा तर वेगळाच गुन्हा आहे. स्त्री कारीगर तेच काम करीत असेल तर तिचा दर पुरुषाइतकाच हवा. बाई दुपारी लवकर जाते म्हणून दर कमी, हे कारण चालणार नाही. तास कमी असतील तर तासांप्रमाणे पैसे कमी होतील, दर नव्हे.

मजुरी थकवू नये ही शिकवण आपल्याला कोणी नव्याने द्यायला नको. तरीही आपल्या बाजारात एक रीत आहे. कारीगर म्हणतो, पैसे तुमच्याकडेच जमा राहू द्या, ईदला किंवा बहिणीच्या लग्नाला एकदम नेईन. दोघांच्याही मनात खोट नसते. पण कायद्याप्रमाणे वेतनाचा काळ एक महिन्यापेक्षा मोठा असू शकत नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, आठवड्याचा असेल तर शेवटच्या कामाच्या दिवशी, रोजंदारी असेल तर काम संपताना द्यावा लागतो. कारीगर काम सोडून गेला किंवा काढला, तर दोन कामाच्या दिवसांत पूर्ण हिशेब चुकता करायचा. जमा ठेवायची असेल तर ती त्याच्या बँक किंवा पोस्टाच्या खात्यात असू द्यावी, आपल्या गल्ल्यात नको.

याच्या उलट बाजूला उचल. रमजानच्या आधी उचल मागितली नाही असा कारीगर आम्हाला माहीत नाही. उचल देणे आणि ती पगारातून कापणे, दोन्ही कायदेशीर आहे. मर्यादा एवढीच की एका महिन्यात सर्व मिळून कपात पगाराच्या निम्म्याहून अधिक होता कामा नये. १२,००० रुपये पगार असलेल्याने १५,००० उचलले, तर ईदनंतरच्या महिन्यात त्याचा पूर्ण पगार गिळता येणार नाही, जास्तीत जास्त ६,००० कापता येतील. आम्ही म्हणू, ३,००० चे पाच हप्ते ठरवा. ते घर चालवून फेडता येतात आणि माणूस दुसऱ्या दुकानात पळत नाही. कपडा बिघडवल्याची भरपाई कापायची असेल, तर तो कपडा त्याच्या ताब्यात दिलेला असावा, चूक थेट त्याची असावी, आणि कापण्याआधी त्याचे म्हणणे ऐकलेले असावे. उशिरा आल्याबद्दल गैरहजेरीच्या प्रमाणातच पैसे कापता येतात. दोन तास उशीर आणि दिवसाचा खाडा, हे बसत नाही.

दुपारचे जेवण, ईदचे कपडे मजुरीत धरता येतात का, असा प्रश्न येतो. पगाराच्या बदल्यात वस्तू दिली असेल तर एकूण वेतनाच्या १५ टक्क्यांपर्यंतच तिची किंमत वेतनात मोजली जाते. खुशीने दिलेली भेट ही भेटच, ती मजुरीच्या रकान्यात लिहू नये. मोठ्या संस्था पगाराचे तुकडे पाडून मूळ वेतन लहान दाखवत. आता भत्त्यांचा भाग निम्म्याहून वर गेला की वरचा भाग वेतनातच धरला जातो. आपल्या लहान दुकानांना याची फारशी झळ नाही.

खरी झळ आहे ती वहीची. कायद्याची मराठी अवघड असते. आम्ही उर्दू शाळेत शिकलेले, असली कलमे दोनदा वाचावी तेव्हा उलगडतात. पण एक कलम पहिल्याच वाचनात समजले. कामगाराने मजुरी मिळाली नाही किंवा कमी मिळाली असा दावा केला, तर ती दिली हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची आहे. दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो आणि थकलेल्या रकमेच्या दहा पटीपर्यंत भरपाई लागू शकते. कमी मजुरी दिल्याबद्दल दंड ५०,००० रुपयांपर्यंत. पाच वर्षांत पुन्हा तेच घडले तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. केवळ नोंदी न ठेवल्याबद्दल १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. दिलासा असा की, नोंदींच्या बाबतीत पहिल्या वेळी खटला भरण्याआधी चूक दुरुस्त करण्याची लेखी संधी द्यावी लागते. इन्स्पेक्टरला आता तपासणीबरोबर मार्गदर्शनाचेही काम दिले आहे.

“कारीगर स्वतःच राजी होता,” हा बचावही चालत नाही. १९५० च्या दशकात अजमेरच्या बिजय कॉटन मिल्सचा खटला सुप्रीम कोर्टात गेला होता. ठरलेला दर परवडत नाही असे गिरणीचे म्हणणे होते आणि कामगारही कमी पगारावर येण्यास तयार होते. कोर्टाने किमान वेतनाचा कायदा कायम ठेवला. मालकाची अडचण आणि मजुराची गरज, दोन्ही कायद्यापुढे कामी आल्या नाहीत.

तेव्हा दुकानात एक हजेरीबुक आणि एक पगारपत्रक असावे. त्यात नाव, दर, हजर दिवस, जादा तास, उचल, कपात, हातात दिलेली रक्कम आणि सही. जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने द्यावा लागतो, म्हणून रमजानच्या शेवटच्या दहा रात्री चालणाऱ्या शिलाईचे तास त्याच दिवशी लिहावेत. पगाराची चिठ्ठी कारीगराला द्यावी. शक्य असेल तेथे पैसे बँकेत किंवा मोबाईलवरून पाठवावेत, कारण ती नोंद कोणाला फाडता येत नाही.

आता आजारपण. समजा कारीगराला टायफॉइड झाला आणि तो वीस दिवस आला नाही. मालकाने माणुसकीने चार हजार रुपये घरी पोहोचवले. महिनाभराने हिशेबाला बसल्यावर मालक म्हणतो ती उचल होती, कारीगर म्हणतो ती मदत होती. कोठेच काही लिहिलेले नाही. चांगले उस्ताद-कारीगर अशा चार हजारांवरून वेगळे झालेले आपण सर्वांनीच पाहिले आहेत.

कायदा येथे काय सांगतो? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ दिवस पगारी नैमित्तिक रजा, ८ दिवस सणांची पगारी सुटी आणि २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे एक दिवस रजा आहे. सणांच्या आठपैकी चार ठरलेल्या आहेत, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक व कामगारांनी मिळून ठरवायच्या, त्यांत दोन्ही ईद बसवता येतात. आजारपणाची म्हणून वेगळी रजा यात नाही, नैमित्तिक रजाच वापरावी लागते. शिवाय हा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्यांसाठी होता आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. लहान दुकानदार यातून बाहेरच राहतो.

दुसरा मार्ग ई.एस.आय.चा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी मालक ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. १२,००० पगारावर मालकाचे ३९० आणि कामगाराचे ९० रुपये. आजवरच्या पद्धतीप्रमाणे सहा महिन्यांच्या हप्ता-काळात ७८ दिवसांचा हप्ता भरलेला असेल तर आजारपणात सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. पहिले दोन दिवस सामान्यतः धरले जात नाहीत. रोज ४०० धरला तर दिवसाला २८० रुपये, आणि ते मालकाच्या गल्ल्यातून जात नाहीत. हा लाभ घेत असताना कामगाराला काढून टाकता येत नाही. दहा किंवा अधिक माणसे असतील तर ही व्यवस्था सक्तीची आहे. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने ती देशभर खुली केली आणि दहापेक्षा कमी माणसे असलेल्यांनाही, मालक व बहुसंख्य कामगार राजी असतील तर, स्वेच्छेने येता येते. मात्र आपल्या गावापासून ई.एस.आय.चा जोडलेला दवाखाना किती दूर आहे, हे नाव नोंदवण्याआधी विचारून घ्यावे. वीस रुपयांच्या गोळीसाठी शंभराचे भाडे खर्चावे लागले तर कारीगर पुढच्या वेळी राजी होणार नाही.

ज्यांना हा मार्ग जमत नाही त्यांनी आपसात ठरवावे, आणि आजार येण्याआधी ठरवावे. आमची सूचना अशी की डॉक्टरची चिठ्ठी आणल्यास वर्षाला सहा दिवस पूर्ण रोज. १२,००० पगाराचा रोज साधारण ४६० रुपये, सहा दिवसांचे २,७६० झाले. वर्षाच्या २,४९६ शर्टांवर वाटले तर शर्टामागे १ रुपया १० पैसे. तीन कारीगरांसाठी महिन्याला ६९० रुपये बाजूला पडत राहिले की भागते. सहा दिवसांपुढे दिलेली रक्कम उचल की मदत, ते त्याच दिवशी वहीत लिहून सही घ्यावी. दवाखान्याचा खर्च वेगळा आणि बुडालेला रोज वेगळा, हेही कारीगराला समजावून द्यावे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शिधापत्रिकेवर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार ठरलेल्या रुग्णालयांत मिळतात, पण बुडालेला रोज ती योजना देत नाही. कारीगराचे आयुष्मान कार्ड आणि ई-श्रम नोंदणी झालेली नसेल तर दुकान बंद असेल त्या दिवशी त्याला सेतू केंद्रावर पाठवून ते काम उरकावे.

चालू दरांची माहिती राज्याच्या कामगार आयुक्तांच्या संकेतस्थळावर आणि बुलढाण्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे मिळू शकते. राज्याचे नवे नियम लागू होतील तसे नोंदवहीचे नमुनेही बदलतील, म्हणून छापील रजिस्टर गठ्ठ्याने विकत घेऊ नये, सध्या साधी वही पुरे. दरांचा कागद गल्ल्याजवळ लावून ठेवावा आणि १ जानेवारी व १ जुलैला तो बदलावा.